बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, "सगळ्या सेफ्टी आहेत" म्हणतात, तेवढं पुरे का?

ऋतुगंध:
नवीन घरात शिफ्ट झालोय, बाथरूममध्ये आधीपासूनच ६ लिटरचा गॅस गीझर आहे, सिलिंडर बाहेर आहे पण गीझरला धुराचा पाइप वगैरे काही नाही. छोटी खिडकी आहे ती थंडी वाजते म्हणून बंदच असते, आणि एक्झॉस्ट फॅन आहे. घरमालक म्हणतात ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो, २० मिनिटांचा टायमर पण आहे, काही काळजी नको. पण काल आई अंघोळ करून आली ती डोकं जड झालंय, मळमळतंय म्हणत, तेव्हापासून मनात शंकेची पाल चुकचुकतेय. वास तर कसलाच नव्हता. जाणकारांनी सांगा प्लीज.

निळी_ज्योत:
आधी तो गीझर आजपासून बंद करा, बाकीचं नंतर वाचा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही कार्बन मोनॉक्साइडची, म्हणजे हवा कमी पडून गॅस अर्धवट जळला की तयार होणाऱ्या विषारी वायूची, लक्षणं असू शकतात. त्या वायूला वास नसतो, एलपीजीला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, जळल्यावर तो राहत नाही. आईंना डॉक्टरकडे न्या आणि गॅस गीझर आहे हे आवर्जून सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, रक्तात कार्बन मोनॉक्साइड असला तरी तो आकडा नॉर्मल दाखवू शकतो.

आता सेफ्टीचं. ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी सेफ्टी गळतीसाठी असते. पाणी फार तापलं की बंद करणारी असते ती भाजू नये, गीझर जळू नये म्हणून. तुमच्याकडे ज्योत छान पेटलेली आहे, पाणी येतंय, म्हणजे या दोघींच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय आणि खोलीतली हवा मात्र संपत चाललीय! १ किलो एलपीजी जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. ६ लिटरचा गीझर फुल चालवला तर तासाला किलोच्या आसपास गॅस खातो. ४ बाय ६ ची, ८ फूट उंचीची बाथरूम धरा, तिच्यात जेमतेम साडेपाच घनमीटर हवा मावते. १५ मिनिटांत त्यातली निम्मी हवा गीझरनेच वापरली, मग २० मिनिटांचा टायमर काय कामाचा. काही मॉडेलमध्ये ऑक्सिजन कमी झाला की बंद करणारा सेन्सर असतो, तो असेल तर चांगलंच, पण तोसुद्धा शेवटचा आधार, हवा बाहेरूनच आली पाहिजे.

मधली_आळी:
+१. एक्झॉस्टबद्दल सांगतो, लोक इथेच फसतात. फॅन हवा बाहेर फेकतो पण दार-खिडकी घट्ट बंद असेल तर आत यायला वाट कुठेय? आणि उद्या धुराचा पाइप बसवलात आणि तोच फॅन चालू ठेवलात तर फॅन पाइपातूनच हवा ओढतो, धूर उलटा आत येतो. पाइपवाला गीझर आणि जोरदार एक्झॉस्ट एकाच बंद खोलीत नकोच.

ऋतुगंध:
गीझर बंद केला, आईला डॉक्टरकडे नेऊन आणलं, आता बरी आहे. बंद करण्याआधी काचेतून बघितलं होतं, ज्योतीची टोकं पिवळी दिसत होती आणि वरच्या जाळीवर काळं धरलंय. पाइप बसवला तर चालेल का की जागाच बदलू?

निळी_ज्योत:
पिवळी टोकं आणि काजळी म्हणजे गॅस नीट जळत नाहीये, बर्नर साफ करायला झालाय किंवा हवा कमी पडतेय, बहुतेक दोन्ही. बिनपाइपच्या मॉडेलला स्वतःहून पाइप जोडू नका. माझं मत, गीझर उघड्या बाल्कनीत न्या आणि गरम पाण्याची लाइन आत घ्या, पण कुणाच्या खिडकीखाली नको आणि ज्या डक्टमध्ये बाकीच्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात तिथे तर अजिबातच नको. ते जमणार नसेल तर हवा बाहेरूनच घेऊन धूर बाहेरच सोडणारा, बंद पेटीचा गीझर घ्या.

कोरा_कागद:
कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पण घ्या, तो बाथरूममध्ये नको, वाफेने बिघडतो, बाहेरच्या खोलीत लावा. आणि तो हळू जमणाऱ्या वायूला उशिरा वाजतो बरं का, ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तासाभराने, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा, तो जमिनीलगत लागतो कारण एलपीजी जड असतो. दुकानात दोन्हीला "गॅस अलार्म"च म्हणतात, डब्यावर नीट वाचून घ्या.