मदत हवी आहे: भाजी मिळत नाही, मधुमेहाच्या पेशंटला काय करून घालू?

नमस्कार मंडळी. २५ मार्च २०२० पासून कोरोनाचा लॉकडाऊन आहे, आमच्याकडे भाजीवाला आठवड्यातून एकदाच येतो. पालेभाजी लगेच संपते, मग बटाटा, पिठलं आणि भात. सगळे घरात, त्यामुळे चार वाजले की भजी नाहीतर शिरा. मुलांचं निभेल, पण सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांचं फिरणंही बंद झालंय, साखर वाढलीय. डॉक्टरांनी फोनवर भात कमी करायला सांगितलंय. मूग-मटकीच्या उसळी करते, पण रोज कडधान्य खाऊन त्यांना गॅस होतो.

घरात कुळीथ, मेथीदाणे, सांडगे आणि ज्वारीचं पीठ आहे. त्यांना फार चावता येत नाही. यातून पोटाला हलकं असं काय करता येईल? विशेषतः संध्याकाळच्या खाण्यासाठी सुचवा, तीच वेळ अवघड जाते.