बिअट्रिस टिन्स्लीचा एच-इंडेक्स काढताना एडीएसवर घोळ होतोय

चांदणचोर:
नमस्कार मंडळी. एमएस्सीला आहे, सेमिनारला बिअट्रिस टिन्स्ली घेतलीये, दीर्घिकांच्या उत्क्रांतीवाली. सर म्हणाले नुसतं चरित्र सांगू नकोस, रिसर्च आउटपुट आणि सायटेशनची (इतरांनी आपल्या पेपरात दिलेले संदर्भ) एक स्लाइड पाहिजेच. म्हणून काल रात्री एडीएस, म्हणजे खगोलशास्त्राच्या पेपरांचा ऑनलाइन डेटाबेस, उघडलं, ऑथरमध्ये आडनाव आणि पुढे नुसतं बी टाकलं, सगळे पेपर सिलेक्ट करून मेट्रिक्स दाबलं तर आलेख थेट २००० च्या पुढे गेलेला! बाई तर १९८१ लाच गेल्या ना? आणि यादीत ढग काय, वातावरणातली वीज काय, काहीच्या काही. दुसरं असं की सगळीकडे लिहिलंय १४ वर्षांत साधारण १०० पेपर, आता एवढे तर आमच्याकडे येणाऱ्या एखाद्या पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरचा संशोधक) नावावरही असतात, मग हिचं इतकं नाव का, आणि ते आकड्यात दाखवू कसं?

दुर्बीणवाली:
अरे देवा, तू नवऱ्याचे पेपर बायकोच्या खात्यात जमा केलेस 😂 ब्रायन टिन्स्ली, वरच्या वातावरणावर काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ, त्याचंही आद्याक्षर बी. एडीएसमध्ये खगोलाबरोबर भूभौतिकीचे पेपरही असतात त्यामुळे दोघं एका यादीत येतात. बी च्या पुढे एम टाक, तरी एखादा चुकार राहीलच, तो जर्नल बघून हाताने गाळ. आणि फक्त तिचे फर्स्ट ऑथर पेपर हवे असतील तर नावाआधी ती टोपीसारखी खूण द्यायची, ^ ही.
गंमत बघ, ब्रायनची नोकरी डॅलसला म्हणून ती तिथे राहिली, पीएचडी मात्र ऑस्टिनला, म्हणजे जवळपास ३०० किलोमीटरवर ये-जा. डॅलसमध्ये तिला धड जागा कधी मिळालीच नाही. शेवटी घटस्फोट घेऊन येल विद्यापीठात गेली आणि १९७८ मध्ये तिथली खगोलशास्त्राची पहिली बाई प्रोफेसर झाली. आणि आता तुझ्या स्लाइडवर परत नवरा-बायको एकत्र!

जुनी_काचपट्टी:
नाव का आहे ते सांगतो, जरा लांबेल. साठच्या दशकात खगोलशास्त्रज्ञ सँडेज वगैरे मंडळी दीर्घिकांच्या समूहातल्या सगळ्यात तेजस्वी लंबवर्तुळाकार दीर्घिका घ्यायची, त्या सगळ्या सारख्याच तेजस्वी असं धरायची, आणि त्यावरून विश्वाचं प्रसरण किती मंदावतंय ते काढायची. टिन्स्लीने विचारलं की अहो, तारे म्हातारे होतात, मग दीर्घिका पूर्वी जास्त उजळ नसणार का? तिने ताऱ्यांच्या पिढ्या जन्माला घालून त्यांचा एकत्र प्रकाश आणि रंग काळाबरोबर कसा बदलतो याचं गणितच मांडलं. ते लक्षात घेतलं की मंदावण्याचा आकडा खाली येतो, म्हणजे विश्व परत कोसळण्याइतकं जड नाही. सँडेजना हे अजिबात रुचलं नाही. १९७५ ला खगोलशास्त्रज्ञ जेम्स गन आणि तिने नेचरमध्ये जो पेपर दिला त्याचं शीर्षकच 'प्रवेगित होणारं विश्व' अशा अर्थाचं होतं. प्रवेगाचा सुपरनोव्हावाल्यांचा (ताऱ्यांच्या स्फोटांवरून अंतर मोजणाऱ्यांचा) पुरावा आला १९९८ ला! तिचा पुरावा तेवढा पक्का नव्हता हे खरं, दीर्घिकांच्या वयाची दुरुस्तीच डळमळीत होती आणि हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.
आता सायटेशनचं. आज दीर्घिकेचं वस्तुमान किंवा वय काढणारा पोरगा ब्रुझुअल आणि शार्लो यांचा ताऱ्यांच्या एकत्र प्रकाशाच्या मॉडेलवरचा २००३ चा पेपर सायट करतो, त्याला हजारोंनी सायटेशन आहेत. पद्धतीची मुळं टिन्स्लीकडे जातात, पण तिथपर्यंत मागे जाऊन कोण सायट करतंय? हे कुठल्याही इंडेक्समध्ये दिसत नाही. अपवाद तिचा १९८० चा रिव्ह्यू (आढावा घेणारा लेख), दीर्घिकांमधले तारे आणि वायू यांच्या उत्क्रांतीवरचा, तो लोक अजून सायट करतात. स्लाइडवर त्या एका पेपरचाच दरवर्षीच्या सायटेशनचा आलेख टाक, बाकी काही नको.

फोटॉन_भाऊ:
पोस्टडॉकची तुलना मात्र पटली नाही. आता स्लोनसारख्या आकाशाच्या मोठ्या सर्व्हेच्या पेपरवर शंभरावर नावं असतात, डेटा रिलीज झाला की प्रत्येकाच्या खात्यात एक पेपर आणि वर ढिगाने सायटेशन. टिन्स्लीचे बरेच पेपर एकटीचे नाहीतर दोघातिघांचे. एडीएस नॉर्मलाइज्ड सायटेशन देतं, लेखकांच्या संख्येने भागून, तेच बघ. एच-इंडेक्स तरी काय, (किमान एच सायटेशन मिळालेले एच पेपर असले की इंडेक्स एच), तो हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ ला काढला, बाई जाऊन २४ वर्षं झाली होती. १०० पेपर म्हणजे एच १०० च्या वर जाऊच शकत नाही, मग सायटेशन कितीही येवोत.

दुर्बीणवाली:
बरोबर, पण नॉर्मलाइज्डचंही फार कौतुक नको. तिने सहकारी खगोलशास्त्रज्ञ लार्सनबरोबर १९७७ ला येलला जी परिषद भरवली त्यात या विषयातली माणसं पहिल्यांदा नीट एकत्र बसली म्हणतात, ते कशाने भागणार?

चांदणचोर:
सगळ्यांना थँक्स, तासभर बसून ब्रायनरावांना बाहेर काढलं. आता शेवटचा पेपर नोव्हेंबर १९८१ चा दिसतोय, तो तिने मृत्यूच्या दहा दिवस आधी अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलला पाठवला होता असं वाचलं. काचपट्टी दादा, १९८० च्या रिव्ह्यूचा आलेख घेतोय. एकच प्रश्न, सरांना एच-इंडेक्सचा रकाना रिकामा चालणार नाही, तर आकडा टाकून खाली 'नवरा वगळून' असं लिहू का? 😅