पो वाचताना व्हर्जिनिया आठवावी की विसरावी?

सांजवात
अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची 'द ओव्हल पोर्ट्रेट' परवा पुन्हा वाचली. जेमतेम तीन पानांची कथा. वाचली नसेल त्यांच्यासाठी: इटलीतल्या डोंगरात ओस पडलेल्या एका गढीत जखमी प्रवासी रात्र काढतो. मेणबत्ती सरकवताना कोपऱ्यातलं एका तरुणीचं चित्र उजळतं, इतकं जिवंत की तो दचकून डोळे मिटून घेतो. उशाशी सापडलेल्या पुस्तकात त्या चित्राची हकीकत असते. चित्रकार नवऱ्याने बायकोला मनोऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे बसवलं. कॅनव्हासवर रंग चढत गेला तो तिच्या गालांवरून उतरत होता, याचं त्याला भानच नाही. शेवटचा हात फिरवून "हे तर साक्षात जीवन!" असं ओरडून तो वळतो, तर ती मेलेली.

कथा छापली गेली एप्रिल 1842 मध्ये, 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत पोची बायको व्हर्जिनिया गाता गाता रक्त ओकली होती. क्षय. पुढची पाच वर्षं ती झिजत राहिली आणि 30 जानेवारी 1847 रोजी गेली. तिचं खात्रीचं म्हणावं असं एकच चित्र आहे, जलरंगातलं. तेही ती गेल्यावर काढलेलं.

माझ्या मते ही अपराधभावाची कथा आहे. हा कागदावर राबतोय आणि पलीकडच्या खोलीत ती विझतेय. व्हर्जिनियाला बाजूला ठेवलं तर उरते ती नुसती शेवटच्या ओळीची गंमत.

खडूस
तारखा लावायच्याच तर सगळ्या लावा की. 'बेरेनिस' आणि 'मोरेला' 1835 च्या, 'लिजिया' 1838 ची. तिन्हींत बाई मरते. लग्न झालं 1836 मध्ये आणि बायकोचा आजार दिसला 1842 मध्ये. मग त्या आधीच्या कथा कोणाच्या दुःखाच्या? सुंदर स्त्रीचा मृत्यू हा कवितेला सगळ्यात योग्य विषय, असं त्याने 1846 च्या निबंधात छापून सांगितलंय. बायको तेव्हा घरात क्षयाने आजारी. असं लिहिणारा माणूस रडत नसतो, हिशोब मांडत असतो. चांगल्या अर्थाने म्हणतोय.

शिवाय पोचं आयुष्य कथेत शोधायची खोड लागली कुठून? त्याच्या काळातला संपादक ग्रिसवोल्ड, त्याच्यापासून. 7 ऑक्टोबर 1849 ला पो गेला आणि दोन दिवसांत या गृहस्थाने 'लुडविग' या खोट्या नावाने विखारी मृत्युलेख छापला. पुढे पोच्या पत्रांत पदरची वाक्यं घुसडली. ती लबाडी क्विन या अभ्यासकाने लिहिलेल्या पोच्या 1941 च्या चरित्रात पुरती उघडी पडली. कथेतला वेडा निवेदक म्हणजेच लेखक, ही समजूत तिथून आलीय. तुमचा अपराधभाव त्याच घराण्यातला, फक्त जरा मायाळू.

निशाचर
बाडीस (म्हणजे अनुमोदन), खडूस.

ओसरी
ग्रिसवोल्ड लबाड होता म्हणून चरित्राचं नावच काढायचं नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? आणि 1835 च्या आधी पोच्या आयुष्यात मेलेली बाई नव्हती असं कोण म्हणतं? आई एलिझाबेथ, नाटकातली नटी, डिसेंबर 1811 मध्ये गेली तेव्हा हा तीन वर्षांचाही नव्हता. सांभाळणारी फ्रान्सिस ॲलन 1829 मध्ये गेली. आईची एक छोटी तसबीर त्याने जपून ठेवली होती. त्या वयात गेलेल्या आईचा चेहरा काय आठवणार? तसबीर हीच आठवण.

म्हणून सांजवात, तुम्ही चुकीच्या माणसाला पकडलंय असं वाटतं. पो त्या चित्रकारात नाही. मेलेल्या बाईला फक्त चित्रातून ओळखणारा तो प्रवासी आहे ना, तिथे पो आहे. तो चित्राकडे तासभर बघत राहतो. चित्रकाराला तर ती समोर असून दिसत नाही.

खडूस
झालं! बायको नाही जमली तर आई, आई नाही जमली तर मानलेली आई. अशाने काहीही सिद्ध होईल. उद्या घरातली मांजर आणाल.

निशाचर
अवांतर: मांजर खरंच आहे हो. मेरी गोव्ह नावाच्या बाईंनी पोच्या फोर्डहॅमच्या घरात आजारी व्हर्जिनियाला पाहिलं होतं. गवताची गादी, अंगावर नवऱ्याचा जुना ओव्हरकोट आणि छातीशी मोठी चट्टेरी मांजर. ऊब म्हणून एवढंच. आपल्या असण्याचा उपयोग त्या मांजराला कळत असावा, असं बाईंनी लिहिलंय. मघाशी बाडीस म्हणालो खरा, पण हे वाचल्यावर बायको विसरून कथा वाचणं मला तरी जमत नाही.

मोडी
मुद्दा वेगळाच आहे. कथेच्या पहिल्याच वाक्यात पो मिसेस रॅडक्लिफ या इंग्रज कादंबरीकर्तीचं नाव घेतो. ही गढी तिच्या कल्पनेतल्या गढ्यांसारखी, असं. आता गंमत बघा. तिची इटलीतल्या गढीवरची कादंबरी 'उडोल्फो' 1794 मध्ये छापली गेली तोवर रॅडक्लिफबाईंनी इटली पाहिलेलीच नव्हती! साल्वातोर रोझा, क्लोद लोराँ यांची निसर्गचित्रं आणि इतरांची प्रवासवर्णनं यांतून त्यांनी ते कडे, ते बुरूज उभे केले. पोनेही इटली पाहिली नव्हती. म्हणजे चित्रावरून कादंबरी, कादंबरीवरून कथा आणि त्या कथेत पुन्हा चित्र. यात स्वतःची आठवण कुठे बसवता? गॉथिकची, म्हणजे अशा ओसाड गढ्यांतल्या भयकथांची, अर्धी मजा या उसनवारीत आहे.

जाता जाता, कथाकार जी. ए. कुलकर्णींची पत्रं खंडाखंडांनी छापली गेल्यावर आपल्याकडेही हेच सुरू झालं होतं. काळ्या चष्म्याआड राहिलेला माणूस. कथेतलं प्रत्येक मरण त्याच्या घरात नेऊन टेकवायचं. कथा वाचायला वेळ कुणाला!

सांजवात
मोडी, गढी उसनी असेल, मरण उसनं नाही. एक पुरावा देते. 1842 ची कथा "ती मेली होती" इथे थांबत नाही. त्यापुढे चित्रकार म्हणतो, "पण हा खरंच मृत्यू आहे का?" 1845 मध्ये पोने कथा पुन्हा छापली तेव्हा हे वाक्य काढून टाकलं. बायको रक्त ओकल्यावर तीन महिन्यांत तो हा प्रश्न छापतो. तीन वर्षं तिचं दुखणं बघितल्यावर प्रश्न उरत नाही. मला तरी हे स्वच्छ दिसतं.

खडूस
पुरावा छान आहे, पण माझ्या बाजूचा. 1842 मध्ये कथेचं नाव होतं 'लाइफ इन डेथ', मृत्यूतलं जीवन. ते शेवटचं वाक्य त्या नावाला दिलेलं टाळीचं उत्तर होतं. नाव बदललं, वाक्य लोंबकळायला लागलं, कापलं. सुरुवातीचा, प्रवासी अफू घेतो तो लांबलचक मजकूरही त्याच वेळी कापलाय. तो कोणत्या दुःखापायी?

ओसरी
अफू कापली म्हणून तर प्रवासी शुद्धीवर आला ना! पहिल्या आवृत्तीत चित्र जिवंत वाटणं हा नशेचा खेळ म्हणून सोडून देता येतं. दुसरीत तशी पळवाट फारशी उरत नाही, तो बघतो ते बघतोच. खडूस, याला तुम्ही नुसती काटछाट म्हणता?

खडूस
हो. आणि उत्तम काटछाट म्हणतो.