मदत हवी आहे: रँकिनवर पीएचडी, पण ‘नवी दिशा’ कुठली?

शेवाळ: सिनॉप्सिस पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे. गाइड म्हणतात, वंश आणि अस्मितेवर ढीगभर प्रबंध झालेत, नवीन काही आणा. अमेरिकन कवयित्री क्लॉडिया रँकिनचं ‘सिटिझन’ (२०१४) घ्यायचं हे नक्की. पुढे काय? प्लीज लवकर सांगा.

उंबरा: एकच पुस्तक की तुलना? इंग्रजी विभाग की तौलनिक साहित्य? संदर्भग्रंथ मिळतात का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मीठभाकर: उपशीर्षक बघा: ‘अ‍ॅन अमेरिकन लिरिक’. लिरिक म्हणजे भावकविता; आत मात्र गद्य परिच्छेद आणि चित्रं! समीक्षक व्हर्जिनिया जॅक्सननी २००५मध्ये दाखवलं की एमिली डिकिन्सन या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कवयित्रीच्या पत्रांतल्या, लिफाफ्यांवरच्या ओळींना ‘लिरिक’ आपण वाचकांनी बनवलं. समीक्षक जोनाथन कलर (२०१५) मात्र लिरिकची बाजू घेतात. या वादात रँकिनला उभं करा.

काठपदर: हा वाद प्राध्यापकांचा. कवी काय करताहेत ते बघा ना! अमेरिकेने २००९मध्ये मूलनिवासींची माफी मागितली, तीही संरक्षणखर्चाच्या कायद्यात दडवून. लेली लाँग सोल्जर या लाकोटा (मूलनिवासी) कवयित्रीने ‘व्हेअरॅज’ या संग्रहात (२०१७) त्याच माफीच्या ठरावाची भाषा सरकारवर उलटवली. दस्तऐवजी कविता, म्हणजे सरकारी कागद, जबान्या यांतून घडवलेली कविता, हीच खरी दिशा.

मीठभाकर: नवी कशी? म्युरिअल रुकायझर या अमेरिकन कवयित्रीने वेस्ट व्हर्जिनियातल्या बोगद्याच्या कामात सिलिकोसिसने (दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने) मेलेल्या कामगारांवर साक्षी-जबान्या वापरून १९३८मध्येच लिहिलंय.

काठपदर: परंपरा आहे म्हणून तर प्रबंध उभा राहील!

जुनी_वही: अमेरिकन कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग १९६२मध्ये मुंबईत आला होता. आपल्या लघुअनियतकालिकवाल्यांशी त्याचं नातं कुणीतरी नीट लिहायला हवं.

उंबरा: त्याला वेगळा धागा काढा.

पिंपळपान: नेट-सेटसाठी व्हिटमन, डिकिन्सन, फ्रॉस्ट पक्के करा.

शेवाळ: नेट झालंय. इंग्रजी विभाग. ग्रंथालयात रँकिनखेरीज काहीच नाही.

रानपाखरू: मग ऐका! पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचं पेनसाउंड हे संकेतस्थळ आहे, कवींची वाचनं फुकट उतरवून घेता येतात. कवितेचा आवाज हाच विषय घ्या.

मीठभाकर: आठवड्यात आवाजाची पद्धत शिकणार कधी?

शेवाळ: लिरिक आणि दस्तऐवज एकत्र धरले तर? आरआरसीत (संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीत) टिकेल?

काठपदर: टिकेल. ‘सिटिझन’मध्ये मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या नावांची यादी आहे, ती नंतरच्या मुद्रणांत वाढत गेली. कवितेचं पानच नोंदवही झालं. तिथून सुरुवात करा.

मीठभाकर: हे पटलं. शेवाळ, तुमची प्रत कितव्या मुद्रणाची?