मदत हवी आहे: दोन आयपी याद्यांतला फरक काढायचाय, कॉम काहीच्या बाही दाखवतंय

घाईतला_गडी
सर्व्हरच्या आयपींच्या दोन याद्या आहेत. एक इन्व्हेंटरीची, दुसरी नवीन फायरवॉलच्या नियमांतून काढलेली. पहिलीत आहेत पण दुसरीत नाहीत एवढेच आयपी हवेत, बास. दोन्ही सॉर्ट करून कॉम (दोन फायली ओळीओळीने ताडणारी कमांड) चालवलं, तर जवळपास प्रत्येक आयपी दोनदा येतोय, एकदा डावीकडे, एकदा आत सरकून. डोळ्यांना तर तेच आयपी दिसतायत! शनिवारी रात्री कटओव्हर आहे, म्हणजे नवीन फायरवॉलवर जायचंय. मोबाइलवरून लिहितोय म्हणून कमांड देवनागरीत, तुम्हीही तशाच द्या, मी टाकून घेईन. लवकर सांगा प्लीज.

सातारी_शेल
नेमकी कमांड काय? लिनक्स की मॅक? फायली कुठून आल्या? एरर काही? दोन्हींच्या पहिल्या चार-पाच ओळी टाका, खरे आयपी बदलून.

पिंगू
सगळ्यांना पिंग मारा. उत्तर देणार नाहीत ते बंद. फॉर लूप लावला की झालं. एनमॅप (नेटवर्क तपासायचं हत्यार) असेल तर अजूनच सोपं.

घाईतला_गडी
@पिंगू, सर्व्हर चालू आहेत का हे विचारलंच नाहीये मी. नियम कुणाचा राहिलाय ते हवंय.
@सातारी_शेल, कमांड साधीच, कॉम -३ अ.टेक्स्ट ब.टेक्स्ट. उबंटू. ओळी काय टाकायच्या, एका ओळीत एक आयपी आहे.

व्हीलुकअप_वहिनी
चारशे-पाचशे ओळी असतील ना? एक्सेलमध्ये दोन कॉलम शेजारी ठेवा, तिसऱ्यात काउंटइफ. शून्य आलं तो राहिलेला. टर्मिनलशी कुस्ती कशाला?

घाईतला_गडी
जंप सर्व्हरवर (आतल्या नेटवर्कमध्ये शिरायचं मधलं मशीन) एक्सेल नाही आणि फाइल बाहेर काढता येत नाही. इन्व्हेंटरीची फाइल आलीच एक्सेलमधून, सीएसव्ही करून.

जुनं_खोड
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. विंडोजवर बनलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ ही ओळ संपल्याची दोन्ही चिन्हं असतात, लिनक्सवर नुसता एलएफ. तो सीआर पडद्यावर दिसत नाही, पण कॉमच्या लेखी '१०.२०.४.९' आणि '१०.२०.४.९ अधिक सीआर' या दोन वेगळ्या ओळी. कॅट -ए (मोठा ए) चालवा, ते न दिसणारी चिन्हंही दाखवतं. ओळीच्या शेवटी नुसता डॉलर दिसला तर ठीक, कॅरट-एम-डॉलर दिसलं तर हाच आजार. उपाय, तो सीआर काढून टाकायचा: टीआर -डी '\आर' < अ.टेक्स्ट > अ२.टेक्स्ट. त्याच फाइलवर परत वळवू नका, शेल ती आधी रिकामी करतं.
आणि यूटीएफ-८ सीएसव्ही असेल तर पहिल्या ओळीच्या सुरुवातीला बीओएम या न दिसणाऱ्या खुणेचे तीन बाइट असू शकतात. मग नेमका पहिलाच आयपी जुळत नाही.

घाईतला_गडी
कॅरट-एम होतं. काढलं. आता पुष्कळ कमी झाले, पण अजून बरेच दोनदा येतायत. वर 'फाइल १ क्रमाने नाही' असं काहीतरी येतं, ते मघाशीही येत होतं. पण मी सॉर्ट केलीय, म्हणून तिकडे बघितलं नाही.

सातारी_शेल
एरर काही, हे विचारलं होतं मी. 🙂 सॉर्ट कसं केलंत? -व्ही लावून?

घाईतला_गडी
हो, मोठा व्ही, आकड्यांच्या क्रमाने लावणारा. नाहीतर १०.२०.४.१० हा १०.२०.४.९ च्या आधी येतो.

सातारी_शेल
कॉमला तसाच हवाय तो. ते अक्षरानुसार क्रम धरून पुढे सरकतं, आकड्यांचा क्रम दिला की वाट चुकतं. एलसी_ऑल=सी (नुसत्या बाइटनुसार क्रम लावणारी लोकेल सेटिंग) लावून साधं सॉर्ट -यू करा दोन्हींना, कॉमलाही तोच लोकेल द्या. आणि -३ नको (ते फक्त सामाईक ओळी लपवतं), -२३ द्या, म्हणजे फक्त पहिलीतले उरतील. माणसाने वाचायचा क्रम शेवटी, उत्तर सॉर्ट -व्हीला पाइप करून.

पुणेरी_पायथन
किंवा प्रत्येक आकडा तीन अंकी करा, ०१०.०२०.००४.००९ असा. क्रमाचा प्रश्नच मिटतो.

जुनं_खोड
कृपया नको. शून्य लावलेला आकडा बरेच प्रोग्राम ऑक्टल (आठच्या पायाचा) धरतात. लिनक्सवर ०१०.०.०.१ ला पिंग करा, ते ८.०.०.१ कडे जातं. अशी यादी उद्या कुणी फायरवॉलवर चढवली म्हणजे?

पुणेरी_पायथन
मग पायथनमध्ये दोन सेट करून वजाबाकी करा ना, दोन ओळींत होतं. १९७० च्या दशकातली हत्यारं किती दिवस घासायची?

ग्रेपवाली
सॉर्टचीच गरज नाही. ग्रेप -व्ही -एफ ब.टेक्स्ट अ.टेक्स्ट. ब मधल्या कशाशीही जुळणाऱ्या अ च्या ओळी वगळल्या जातात. मी कायम हेच वापरते.

जुनं_खोड
ताई, त्यात मोठा एफ (अक्षरं जशीच्या तशी धरणारा) आणि एक्स (पूर्ण ओळच जुळवणारा) नाहीत, म्हणजे कायम चुकतंय. ब मध्ये १०.१.१.१ असेल तर अ मधले १०.१.१.१० ते १९ आणि १०० ते १९९ सगळे 'सापडले' म्हणून गळतात. शिवाय टिंब म्हणजे कोणतंही अक्षर, त्यामुळे १०.१.१९१.५ सुद्धा जुळतो. ब मध्ये एक रिकामी ओळ असली तर ती सगळ्याशी जुळते आणि उत्तर कोरं येतं. कोरं उत्तर बघून माणूस खूश होतो.

ग्रेपवाली
माझ्या याद्यांत होस्टनेम असतात, आयपी नसतात, आजवर अडलं नाही. पण ठीक, चारही लावून: मोठा एफ, एक्स, व्ही, छोटा एफ. आता चालेल?

जुनं_खोड
आता सॉर्टशिवाय काम झालं, हे मान्य. पण वेब१ आणि वेब१० असतील तर होस्टनेमलाही तोच धोका.

घाईतला_गडी
भांडण नंतर हो. -२३ ने बावन्न उरलेत. त्यातले बरेचसे फायरवॉलवर आहेत, मी हाताने शोधून बघितलं.

सातारी_शेल
आता तरी ब ची चार ओळी टाका.

घाईतला_गडी
१०.२०.४.११
१०.२०.४.१२/३२
१०.२०.७.०/२४
१०.२०.९.५/३२

सातारी_शेल
हे 'एका ओळीत एक आयपी' नव्हे. /३२ म्हणजे तोच एक पत्ता, सेडने (मजकूर बदलणारी कमांड) शेपूट उडवा: सेड 's#/३२$##' (एस इंग्रजी, आकडे इंग्रजी). /२४ ची गोष्ट वेगळी. त्या एका ओळीत १०.२०.७.० पासून २५५ पर्यंत सगळे आले. कॉमला हे कळणं शक्य नाही, त्याला अक्षरं कळतात, नेटवर्क नाही. पत्ता अशा रेंजमध्ये बसतो का ते बघणारं ग्रेपसीआयडीआर नावाचं छोटं हत्यार आहे, उबंटूत अॅपटने (पॅकेज इन्स्टॉल करायची कमांड) मिळतं. कॉममधून उरलेली यादी त्याला द्या: ग्रेपसीआयडीआर -व्ही -एफ रेंज.टेक्स्ट उरलेले.टेक्स्ट. रेंज.टेक्स्टमध्ये फक्त /२४ सारख्या ओळी ठेवा.

घाईतला_गडी
अॅपट चालत नाही तिथे, इंटरनेट नाही. पण /२४ दोनच आहेत, ते साध्या ग्रेपने वगळले, '^१०\.२०\.७\.' असं. सहा उरले आणि सहाही खरंच राहिलेत, त्यात एक डेटाबेसचा. रिक्वेस्ट टाकतोय. थँक्स सगळ्यांना.

पिंगू
त्या सहांना पिंग करून बघा आधी, बंद असतील.

नवा_सदस्य_कोल्हापूर
याच धाग्यात विचारतो. माझ्या याद्यांत आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब पत्ते) आहेत, एकीत मोठी अक्षरं, दुसरीत छोटी, काही ठिकाणी मधली शून्यं गाळून डबल कोलन. हेच चालेल का?

जुनं_खोड
नाही चालणार. टीआरने अक्षरं छोटी होतील, पण डबल कोलन तसाच राहतो. तोच पत्ता चार प्रकारे लिहिता येतो, म्हणून २०१० साली आरएफसी ५९५२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने एकच ठरावीक रूप सुचवलं. आधी दोन्ही याद्या त्या रूपात आणा. पायथनचं आयपीअॅड्रेस मॉड्यूल ते करून देतं.

पुणेरी_पायथन
😌