मंत्र्यांनी नियंत्रकाला पत्र लिहावं का?

मेलबर्नकर:
कामगार संघटनांचे हिशेब तपासायला स्वतंत्र यंत्रणा हवीच. प्रश्न आहे तो त्या यंत्रणेवर सरकारचा हात किती असावा याचा. ऑस्ट्रेलियात मे २०१७ मध्ये संघटनांचे हिशेब तपासणारं 'रजिस्टर्ड ऑर्गनायझेशन्स कमिशन' सुरू झालं. कायद्याने स्वतंत्र. ऑगस्टमध्येच रोजगार मंत्री मायकेलिया कॅश यांनी त्याला पत्र लिहिलं. विषय होता ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने 'गेटअप' या राजकीय प्रचार करणाऱ्या संस्थेला दिलेली एक लाख डॉलरची देणगी. देणगी २००५-०६ मधली! तेव्हा युनियनचे राष्ट्रीय सचिव होते बिल शॉर्टन, आणि २०१७ मध्ये तेच लेबर पक्षाचे नेते, म्हणजे विरोधी पक्षनेते.

ऑक्टोबरात चौकशी लागली. कागदपत्रं नष्ट होतील अशी निनावी खबर आली म्हणून २४ तारखेला सिडनी आणि मेलबर्नच्या कार्यालयांवर पोलिसांचे छापे पडले. पोलिसांच्या आधी कॅमेरे दारात. दुसऱ्या दिवशी मंत्रीबाई सिनेटच्या समितीपुढे ठामपणे म्हणाल्या की माध्यमांना खबर देण्याशी आमच्या कार्यालयाचा संबंध नाही. त्याच संध्याकाळी त्यांच्या माध्यम सल्लागाराने पत्रकारांना आपणच कळवल्याचं कबूल करून राजीनामा दिला.

माझं मत स्पष्ट आहे. एखाद्या ठरावीक संघटनेबद्दल मंत्र्याने नियंत्रकाला पत्र लिहिणंच कायद्याने बंद करावं.

हिशेबनीस:
छाप्यांची बातमी फोडणं निंद्यच. पण हे कमिशन आलं कशामुळे तेही सांगा की! हेल्थ सर्व्हिसेस युनियन. रुग्णालयांतल्या सफाई कामगारांच्या वर्गणीवर चालणारी संघटना. तिचा नेता मायकेल विल्यमसन, लेबर पक्षाचा माजी राष्ट्रीय अध्यक्ष, खोट्या बिलांतून संघटनेचा पैसा खात होता. २०१४ मध्ये तो तुरुंगात गेला. त्याच संघटनेचे माजी राष्ट्रीय सचिव क्रेग थॉमसन यांची संघटनेचा पैसा उधळल्याबद्दलची चौकशी तेव्हाच्या स्वतंत्र यंत्रणेने तीन वर्षं रेंगाळत ठेवली. तोवर वर्गणी भरणाऱ्या बाईने कोणाकडे जायचं? लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्याने 'याकडे बघा' म्हटलं तर आभाळ कोसळत नाही. चौकशी करायची की नाही, ते नियंत्रकानेच ठरवायचं आहे.

गिरणगावकर:
हिशेबनीस, 'ठरवायचं आहे' हे कागदावर. नेमणूक ज्याच्या हातात, त्याचं पत्र साधं पत्र राहत नाही. आपल्याकडचंच बघा. मुंबईच्या गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. सरकारने नेमलेला निबंधक ज्या संघटनेला 'प्रातिनिधिक' म्हणेल, तिनेच मालकांशी बोलायचं. ती जागा काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तरी वाटाघाटीच्या खुर्चीवर संघच! हा कायदा रद्द करा, ही संपातली एक मागणीच होती. गिरणगाव उद्ध्वस्त झालं, पण सरकारला मान्यता बदलावीशी वाटली नाही.

हिशेबनीस:
तिथे दोष निबंधकाचा कमी, कायद्याचा जास्त. गुप्त मतदानच नव्हतं. सभासदांच्या यादीवर मान्यता, मग निबंधक कितीही स्वतंत्र असता तरी काय करणार होता?

गिरणगावकर:
यादी खरी की खोटी हे तपासणारा कोण? तोच निबंधक. म्हणून तर १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने इतर उद्योगांत मान्यतेचा निर्णय औद्योगिक न्यायालयाकडे दिला. निकाल कारणांसह लेखी येतो आणि उच्च न्यायालयात जाता येतं. देखरेख हवी तर अशी हवी.

शुभदा_ठाणे:
मधला मार्ग आहे ना. मंत्र्यांना पत्र लिहू द्या, पण ते त्याच दिवशी संसदेपुढे ठेवायचं. आणि चौकशी का लावली याची कारणं नियंत्रकाने लिहून द्यायची. मी वर्गणी भरणारी सभासद आहे. मला नेत्यांचा हिशेबही हवा आणि निवडणूक आली की माझ्या कार्यालयात पोलीसही नकोत.

हिशेबनीस:
पत्र त्याच दिवशी जाहीर केलंत तर चौकशीआधीच संघटनेची बदनामी. आणि खरा चोर असेल तर तो सावध. मला हे मान्य नाही.
मेलबर्नकर, पुढचं तुम्ही लिहिलंच नाही. २०२२ मध्ये लेबर सरकार आलं आणि त्याच वर्षी कायदा करून हे कमिशनच मोडीत काढलं. काम गेलं कामगार-मालक संबंध बघणाऱ्या फेअर वर्क कमिशनकडे. ज्यांच्या संघटनांवर नजर होती, त्यांच्याच पक्षाने नियंत्रक संपवला. हा हस्तक्षेप नाही तर काय?

मेलबर्नकर:
हस्तक्षेप आहे, पण उघड. निवडणुकीआधी सांगून, सभागृहात चर्चा करून, मतदान घेऊन केलेला. त्याचा जाब पुढच्या निवडणुकीत विचारता येतो. माझा आक्षेप बंद पाकिटातून होणाऱ्या देखरेखीला आहे. शुभदाताईंची सूचना मला पटते, एका बदलासह: पत्र चौकशी पूर्ण झाल्यावर जाहीर व्हावं, आणि त्याला मुदत असावी. सहा महिने.

हिशेबनीस:
सहा महिन्यांत चौकशी संपत नाही, हे थॉमसन प्रकरणात दिसलं. वर्ष म्हणा, मग बोलू.