मदत हवी आहे: चिऱ्याच्या भिंतीवरचा सिमेंट गिलावा काढून चुन्याचा करावा का?

मालवणजवळ समुद्रापासून साधारण 300 मीटरवर आमचं जुनं चिरेबंदी, म्हणजे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं घर आहे. पश्चिमेच्या भिंतीला मूळचा चुन्याचा गिलावा होता. 2016 साली तो काढून सिमेंटचा केला, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर रंगाचे पोपडे निघतात. खाली मिठासारखी पांढरी भुकटी दिसते. जोत्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत जास्त, वर कमी. बाकीच्या तीन भिंतींवर जुना चुनाच आहे आणि त्या धडधाकट आहेत.

आतापर्यंत खरवडून वॉटरप्रूफ पुट्टी आणि बाहेरचा अ‍ॅक्रिलिक रंग दोनदा दिला. दुसऱ्या पावसातच फुगला. कौलांची गळती नाही, पागोळ्याही भिंतीपासून लांब पडतात, नळाची पाइपलाइन त्या बाजूला नाही. मला वाटतं, जांभा सच्छिद्र असल्याने जमिनीतली ओल वर चढते, सिमेंट आणि रंगामुळे तिला बाहेर पडायला वाट राहत नाही.

फरशा किंवा पत्रा लावायचा नाही, घराचं रूप जपायचं आहे. काम मेअखेर संपायला हवं. गवंडी चांगला आहे, पण चुन्यात त्याने कधी काम केलेलं नाही.

ज्यांनी स्वतःच्या घरी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: सिमेंट काढल्यावर चिऱ्यात मुरलेलं मीठ आधी कसं काढायचं, आणि नवा चुना पावसाआधी पुरेसा पक्का व्हायचा असेल तर गिलावा उशिरात उशिरा कधी करावा?